रेषेबाहेरून
मैदानावर फक्कीच्या रेषा मारताना चुन्याचा वास नाकात शिरला, की मला ती आठवते. चिंचोळीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईची बारा वर्षांची मुलगी. माझ्याकडं फुटबॉल शिकायला आली तेव्हा पायात आलेला चेंडू कुणालाच द्यायची नाही, एकटीच चौघींना चकवून हसत पुढं निघायची. मी नवा कोच, हौस दांडगी. रेषेबाहेरून सारखा ओरडायचो, "पास दे! थांब! डावीकडं!" वर्षभरात ती माझ्या आवाजावर खेळायला लागली आणि मला त्याचा अभिमानच वाटला. मग स्पर्धेचा शेवटचा सामना आला. दुपारचं रणरणतं ऊन, ओरडून ओरडून माझा घसा पार बसलेला. शेवटच्या मिनिटाला चेंडू तिच्या पायात, पुढं फक्त गोलकीपर. ती थांबली आणि वळून माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात समोरच्या संघातल्या मुलीनं मागून येऊन चेंडू काढून नेला. सामना हरल्यावर पाण्याची बाटली हातात धरून ती हळूच म्हणाली, "सर, तुमी काय सांगितलंच न्हाय की." आता मी रेषेबाहेर गप्प उभा असतो. पोरी चुकतात, हसतात, पुन्हा पळतात. ती मात्र त्यानंतर चुकायलासुद्धा आली नाही.