हनुवटीखालचा हात

रावेरकडच्या एका शाळेत भाईदास सरांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्दाचा अर्थ पोरं विसरली तरी चालेल, पण त्यात सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, किती हे चुकता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. युक्ती सोपी होती. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल, तितकी सिलेबलं. 'बनाना'ची तीन. चुकलं की सर कान पिळायचे.

सर रिटायर झाले, पोरं बापाच्या केळीत राबू लागली. ब्याण्णव साली जळगावहून कृषी खात्याचे साहेब गावात भाषणाला आले. त्यांनी 'ड्रिप इरिगेशन' म्हणताच समोरच्या साठ-सत्तर शेतकऱ्यांचे हात हनुवटीखाली गेले. साहेब चपापले. "गावात कुणी गेलं का?" त्यांनी पहिल्या रांगेतल्या सरांना हळूच विचारलं.

"नाही हो, मोजताहेत."

तेवढ्यात मागून कुणीतरी "सहा" म्हणालं. सर गर्रकन वळले. "चिंधा, पाच होतात."

पंचेचाळिशीच्या सरपंच चिंधाचा हात हनुवटीवरून थेट कानावर गेला.