पद्मक्काचं डिकॉक्शन

मी कुत्र्यांच्या बाजूची बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. राजाजीनगरात पद्मक्काचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं. हौस नव्हती.

पद्मक्का, म्हणजे पद्मावती, बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नवरा गेल्यावरही घर नेटकं ठेवलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच, तिला नाही म्हणता येत नाही. मुलाला तर मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी प्रणीत, तिचा मुलगा, एक बुलमॅस्टिफचं पिल्लू घेऊन आला. "आई, तू एकटी असतेस, राखण होईल," म्हणाला. त्याचं नाव टायटन ठेवलं आणि स्वतः गेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, फ्लॅटमध्ये.

पिल्लू कसलं! दीड वर्षात अठ्ठावन्न किलोचं धूड झालं. पद्मक्का स्वतः बावन्न किलो. टायटन हे नाव काही तिच्या जिभेवर बसेना. तिनं त्याला मुद्दू केलं, म्हणजे कन्नडात लाडका.

आणि लाड तरी किती! सकाळी नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, दह्यात कालवून. डॉक्टरांनी अंडी सांगितली, तर ही सोवळ्यातली बाई मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात अंडी उकडायची आणि मग पुन्हा आंघोळ करायची. जेवल्यावर त्याला तासभर पळू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर ओली चादर आणि वर पंखा. तिच्या खांद्यावर कायम एक टॉवेल, त्याची लाळ पुसायला. "अगं, नातवाचं तरी एवढं केलं असतंस का?" मी विचारलं. "कमला, नातू दाखवायला आणतो कोण?" ती म्हणाली.

आता मुद्दूची खरी गंमत. तो उंबऱ्यावर आडवा पडून असायचा. आत येणाऱ्याला काही करायचा नाही, हुंगून सोडायचा. बाहेर मात्र सोडायचा नाही! त्याला कारण पद्मक्काच. तिच्या घरातून कॉफी न पिता कुणी गेलेलं नाही. सासूच्या वेळेपासूनची रीत. पाहुणा पेला खाली ठेवणार, ही म्हणणार "सरी, या परत", सरी म्हणजे बरं, मग दार उघडणार. मुद्दूनं लहानपणापासून हेच पाहिलं. त्यामुळे कुणी जायला उठला की हा उठून त्याचं तोंड हुंगायचा. कॉफीचा वास आला तर बाजूला व्हायचा, नाही तर पुन्हा आडवा. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस एकदा दूध नासलं म्हणून पाऊण तास अडकला होता. माझी ॲसिडिटी या कुत्र्याची देणगी आहे.

यंदा फेब्रुवारीत पद्मक्का त्याच्यावर अडखळून पडली. मनगट मोडलं. प्रणीतनं ठरवून टाकलं, कुत्रा जाणार. येलहंक्याच्या पुढे श्रीहरी नावाच्या ओळखीच्या माणसाचं फार्महाऊस होतं, त्याला राखणीचा कुत्रा हवाच होता. पद्मक्का फोनवर "बरं" म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही. मला एवढा संताप आला! बत्तीस वर्षं अख्ख्या शहराला "लाइन बिझी आहे" सांगणारी बाई, पोटच्या पोराला नको म्हणू शकत नाही?

रविवारी सकाळी दोघं आले. मी पद्मक्काकडेच होते, माझी कॉफी नुकतीच पिऊन झाली होती. श्रीहरींच्या हातात म्हशीला बांधावी तसली साखळी. "कॉफी नको अक्का, टाइम नाही," ते म्हणाले. प्रणीतही म्हणाला, "मला पण नको."

"पंखा आहे का तिकडे?" पद्मक्कानं विचारलं.

श्रीहरी हसले. "पंखा? दिवसा गेटपाशी बांधायचा, रात्री सोडायचा. एक वेळ जेवण. लाड केले की राखणीचा कुत्रा वाया जातो."

पद्मक्का टॉवेलनं मुद्दूचं तोंड पुसत राहिली. त्यांनी साखळी अडकवली, दोघांनी ओढली. मुद्दू तसूभर हलला नाही. मग सावकाश उठला, आधी श्रीहरींचं तोंड हुंगलं, मग प्रणीतचं, आणि घशातून असा काही आवाज काढला की श्रीहरी मटकन सोफ्यावर बसले.

"आई, कॉफी कर गं पटकन," प्रणीत म्हणाला.

पद्मक्का स्वयंपाकघराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डिकॉक्शन संपलं."

त्या घरात हे वाक्य मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि कॉफीचा अर्क ज्यात उतरतो तो फिल्टर काठोकाठ भरलेला मी तासाभरापूर्वी बघितला होता.

"मग नवीन घाल."

"पूड नाही."

"मी आणतो."

"कसा आणशील? तूही अजून प्यायलेला नाहीस."

प्रणीत माझ्याकडे वळला. "मावशी, तुमच्याकडे असेल ना?"

मुद्दूनं माझ्याकडे बघितलं. पद्मक्कानंही. मी देवापुढे दिवा लावणारी बाई, पण म्हणाले, "आमच्याकडे हल्ली चहाच पितात रे."

साडेदहाचे बारा वाजले. श्रीहरींचे चार फोन येऊन गेले. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "अक्का, मला हा कुत्रा नको. माझ्याकडे रोज दहा माणसं येतात, सगळीच अडकतील. मला फक्त जाऊ द्या."

पद्मक्का त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. "तू सांग, न्यायचाय अजून?" ती मुलाला म्हणाली.

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर त्याच्याच अंगावर पडेन, मऊ आहे. त्या दिवशी तो भुंकला म्हणून कमला धावत आली. तू फोन करतोस रविवारी, मी पडले होते मंगळवारी." तिनं साखळीवर हात ठेवला. "मी त्याला देणार नाही, प्रणीत. नाही म्हणजे नाही."

प्रणीतनं तिच्या मनगटाकडे बघितलं. मग उठला आणि स्वतःच्या हातानं साखळी काढली.

पाच मिनिटांत घरभर कॉफीचा वास सुटला. श्रीहरींनी गरम कॉफी घटाघट प्यायली, मुद्दूनं त्यांच्या मिशा हुंगल्या आणि वाट दिली. ते साखळी विसरून गेले.

प्रणीतचा पेला केव्हाच रिकामा झाला होता. दार मोकळं होतं, तरी तो बसून होता.

"संपलं होतं ना गं डिकॉक्शन?" त्यानं विचारलं.

"त्याला न्यायला आलेल्यांसाठी संपलं होतं," पद्मक्का म्हणाली. "माझ्या मुलासाठी आहे. आणखी घालू?"