चहा घेतला का? – नाही

शुक्रवारी दुपारी मॅडमनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "खराडीतले लोक नक्की काय पितात हो?"

त्या वेळी मी चहा पीत होतो. थर्मास टेबलावरच होता. तरीही डोक्यात उजेड पडला नाही, यावरून माझ्या डोक्याची कल्पना यावी.

पाण्यातल्या फ्लोराइडचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा मॅडम अभ्यास करत होत्या आणि मी नमुने गोळा करत होतो. एकीकडे सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या बऱ्याच पुढे, बोअरचं पाणी पिणारी एक वाडी. दुसरीकडे तुलनेसाठी नळाचं पाणी पिणारी खराडीतली सोसायटी. दोन्हीकडे उठल्या उठल्या, चहाच्या आधी, बाटलीत लघवी घ्यायची. बस.

वाडीतल्या लोकांनी पहाटेच बाटल्या भरून ओट्यावर मांडल्या होत्या. खराडीत मात्र कुणी जिमला, कुणी मीटिंगमध्ये. जो भेटे तो म्हणे, आत्ताच जाऊन आलो. मग मी अक्कल वापरली. घरून थर्मास भरून न्यायला लागलो. मार्केट यार्डातली कडक भुकटी, वर आलं. माणशी दोन कप पाजायचे, दीड तास गप्पा मारायच्या, बाटली आपोआप भरायची. फॉर्मवर 'चहा घेतला का?' असा रकाना होता. तिथे वीसही जणांपुढे मी 'नाही' लिहिलं. तो रकाना त्यांच्या घरच्या चहासाठी आहे, असा माझा प्रामाणिक समज होता. मी पाजलेला कशाला मोजायचा?

आता तक्ता म्हणत होता, वाडी आणि खराडी सारखीच. म्हणजे बोअर निर्दोष.

तेवढ्यात वाडीतल्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या थोरल्या मुलीच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. बोअर बंद व्हावी म्हणून वर्षभर त्या घरोघरी फिरल्या होत्या, आणि सोमवारी ग्रामसभा होती.

"भाऊ, कागद आला का? थोरलीचं झालं ते झालं. धाकटीचे पक्के दात अजून यायचेत. समदं तुमच्या कागदावर हाय."

येतोय, म्हणालो. फोन ठेवला, सवयीने थर्मासला हात घातला आणि हात तिथेच राहिला. खराडीचे आकडे माझ्या चहानेच चढवले होते. चहाच्या पानात फ्लोराइड असतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून समजावलं होतं. मी तेव्हा कप विसळत होतो.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पाचेक मिनिटं बसलोही. मग सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"वीसही जणांना?"

"दोघांना बिनसाखरेचा," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"दोन सकाळी आहेत आपल्याकडे. थर्मास इथेच राहील."

शनिवारी पावणेसहाला मी पहिली बेल वाजवली. पुणेकराला सकाळी चहाआधी गाठून तो पिऊ न देणं, हे काय काम आहे ते मला विचारा. एका घरात आधण ठेवलेलं दिसलं, तर मी चक्क गॅस बंद केला. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "मागच्या वेळी चहा होता. घसरलाय आपल्या संशोधनाचा दर्जा." पण बाटली दिली. सोळा शनिवारी झाल्या, चार रविवारी.

रविवारी दुपारी मॅडम एकेक नमुना मीटरखाली धरत होत्या आणि मी आकडे लिहून घेत होतो. पहिला आकडा खाली आला. दुसराही. सातव्याला मीटरवरचा आकडा बराच वेळ हलत राहिला, तेव्हा मी लिहायचंही विसरलो. तोही उतरला. विसावा झाल्यावर मॅडमनी जुन्या तक्त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी माझी चूक माझ्या नावानिशी लिहिली आणि माझी सही घेतली.

सोमवारी मॅडमनी तो कागद ग्रामसभेत वाचला. चुकीसकट. लोक माझ्याकडे वळून हसले, हसू दे. दुपारी 'पिऊ नये' अशी खूण म्हणून बोअरला लाल रंग लागला. ताई धाकटीला कडेवर घेऊन उन्हात उभ्या होत्या, रंग वाळेपर्यंत हलल्या नाहीत. मग टँकरच्या पाण्याचा चहा करून त्यांनी पहिला कप माझ्यापुढे धरला.

मी मॅडमकडे पाहिलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "फक्त लिहून ठेवा."