आधी कोण पळालं?

मामांनी फोन हातात घेतला की ते तो उलटा करून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, लहान मुलाचा ताप बघावा तसा. मग डोळे अर्धवट मिटून म्हणायचे, "हाय अजून. थांब जरा."

थांबायचं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. मामा तो फोन व्हरांड्यातल्या सावलीत, शहाबादी फरशीवर ठेवायचे आणि शेजारी उकिडवे बसून राहायचे. येणारी-जाणारी मुलं विचारायची, "मामा, फोन वाळत घातला का?" मामा म्हणायचे, "व्हय. तुजा बी आन, ओला असंल तर."

आमच्या संगमनेरच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. कागदोपत्री त्यांचा हुद्दा काहीतरी वेगळा होता, पण सगळे मामाच म्हणायचे. तुमच्याही कॉलेजात असे एक मामा असतील. कुलूप उघडणारे, पंखे लावणारे, सहीचे कागद या इमारतीतून त्या इमारतीत नेणारे. आपण त्यांना रोज बघतो आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं. मलाही फार माहीत आहे असं नाही. जेवढं आहे तेवढं लिहिते.

पहिल्या वर्षी प्रवेशाचे कागद घेऊन मी चुकून लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले. ऑफिस कुठे आहे, एवढंच विचारलं. त्यांनी मान वर केली.

"जामखेडकडची का गं तू?"

"हो."

"बोलन्यावरनं कळलं. मी बी तिकडलाच. हापिस म्होरच्या इमारतीत हाय. चल."

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्या दिवशी आपणहून माझी विचारपूस केलेलं माणूसही ते पहिलंच.

शेवटच्या वर्षी मी जो प्रोजेक्ट घेतला तो थोडा समजावून सांगावा लागेल. मोबाईल ज्यावर चालतो त्या यंत्रणेच्या मुळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मोनोलिथिक प्रकारात फाइली, नेटवर्क, स्क्रीन अशी बहुतेक कामं त्या एकाच गाभ्यात चालतात. मायक्रोकर्नलमध्ये गाभा अगदी लहान असतो आणि बाकीची कामं बाहेर, आपापल्या जागी चालतात. एक बिघडलं तरी इतर उभी राहतात. पण प्रत्येक गोष्टीसाठी एकाने दुसऱ्याला निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. त्यात किती वेळ जातो? एकाच जुन्या फोनवर आलटून पालटून दोन्ही यंत्रणा चढवायच्या आणि मोजायचं, एवढाच माझा प्रोजेक्ट होता.

मी हे मामांना सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"म्हंजी पयल्यात समदे सायेब एकाच हॉलात बसल्यात," मामा म्हणाले.

"हो, तसंच."

"आन दुसऱ्यात येगयेगळ्या इमारतीत. मंग कागद कोन नेनार?"

"निरोप जातो ना, मामा."

"जातो म्हंजी? कुनीतरी नेतोच की. शिपाई लागतोय." ते खूश झाले. "मी दुसऱ्याच्या बाजूनं."

मार्चमध्ये पहिला तक्ता तयार झाला. मायक्रोकर्नलला जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. आमच्या गाईड सरांना तो आवडला. "दुप्पट! ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं," ते म्हणाले. पुण्याला स्पर्धा होती. विभागातून एकच प्रोजेक्ट जाणार होता. तिथे एका कंपनीचे लोक येतात आणि पहिल्या तिघांना इंटर्नशिपला घेतात, असंही त्यांनी सांगितलं. मी तेव्हाच मनात पुण्याचं तिकीट काढलं असणार.

मी मामांना म्हटलं, "तुमचा शिपाई हरला."

ते हसले. मग विचारलं, "आधी कोन पळालं?"

"म्हणजे?"

"दोघं एकाच फोनवर पळत्यात न्हवं? आधी कोन?"

"मोनोलिथिक."

"रोज?"

मी वही पाहिली. रोज. ती फोनची मूळची यंत्रणा, रोज काम संपलं की मी तीच परत चढवून ठेवायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात व्हायची. तासभर तीच चालवायची आणि मग त्याच फोनवर दुसरी चढवायची.

"आमच्या शाळंत पळायच्या शर्यती असायच्या," मामा म्हणाले. "पयल्या तुकडीला सकाळी सातला पळवायचे. आमची दुसरी. आमची पाळी यायची बाराला. अनवानी. मास्तर म्हनायचे, दुसऱ्या तुकडीत दमच न्हाई." त्यांनी टेबलावरचा फोन उचलून मनगटाला लावला, आणि माझ्या हातात दिला. चांगलाच गरम होता.

हे मला माहीत असायला हवं होतं. पुस्तकात आहे. फोन तापला की तो स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. परीक्षेत मी यावर उत्तरही लिहिलेलं आहे.

मग आम्ही पुन्हा मोजलं. एक दिवस हे आधी, एक दिवस ते आधी, आणि प्रत्येक वेळी मध्ये फोन फरशीवर. पंधरवडा गेला. फरक राहिला, पण अगदी थोडा. सहज लक्षातही येऊ नये इतका.

मामा नव्या तक्त्याकडे बराच वेळ बघत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आकडे येत होते. "हाय, जरा मागं हाय," ते म्हणाले. "पन लई न्हाई. खोटं कशाला बोला, जरा मागं हायच."

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "आता यात सांगायचं काय उरलं? फारसा फरक नाही, हे सांगायला पुण्याला जायचं?" दोन्ही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मोजलंस तू. कोणता लावायचा ते तू ठरव. पण दुसरा लावलास तर विभागातून कुणाचा प्रोजेक्ट जाईल, हे मी सांगू शकत नाही."

मी पहिला लावला.

झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी असताना मी स्वतःला सांगत होते की तो तक्ता खोटा नाही. त्यातला प्रत्येक आकडा मी खरंच मोजलेला आहे. हे वाक्य मला इतकं पटलं, की नंतर मी त्यावर विचारच केला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा लॅब झाडत होते. "नवा तक्ता लावला न्हवं?"

"हो, मामा."

"ब्येस."

प्रोजेक्टच्या बांधलेल्या प्रती बाईंडिंगवाल्याकडून मामांनीच आणल्या. दोन्ही हातांवर थप्पी घेऊन ते जिना चढत होते, मी वरून पाहिलं. त्यांनी उघडून बघितलं का, माहीत नाही. वर यायच्या आधी ते प्रती घेऊन घटकाभर व्हरांड्यात बसले असतील, किंवा बसले नसतील.

पुण्याला दुसरं बक्षीस मिळालं. इंटर्नशिपही मिळाली, जुलैपासून. वडिलांनी फोनवर दोनदा विचारलं, "म्हंजी नोकरीच ना?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच वस्तीवर सगळ्यांना सांगून टाकलं. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. मामांनी एक उचलला, अर्धा मोडून खाल्ला, अर्धा कागदात बांधून खिशात ठेवला. "चांगलं झालं, पोरी," म्हणाले आणि खिडक्या लावायला उठले. फोनचा विषय त्यांनी काढला नाही. पुढे परीक्षा संपेपर्यंत कधीच काढला नाही. परीक्षेची गडबड आहे म्हणून असेल, असं मला तेव्हा वाटलं.

मे महिन्याच्या शेवटी मी गावी होते. आई अंगणात ज्वारी पाखडत होती, मी खडे वेचत होते. कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला. मामा गेले, झोपेतच. त्याखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" असे एकामागून एक मेसेज येत होते, सगळे एकसारखे, एकाने लिहिलेला दुसऱ्याने पुढे चिकटवलेला. मीही वरचाच उचलून चिकटवला. मग पुन्हा खडे वेचायला लागले.

"काय आलं गं फोनवर?" आईने विचारलं.

"कॉलेजातले एक मामा वारले."

"आगं बया. वयस्कर हुते का?"

मला सांगता आलं नाही. त्यांचं वय मी कधी विचारलंच नव्हतं. रडू आलं नाही. संध्याकाळी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. मी वाट बघत होते, पण काही येत नव्हतं. फक्त ते "हो, मामा" मधेमधे ऐकू यायचं, माझ्याच आवाजात, अगदी साधं.

जूनमध्ये इंटर्नशिपच्या कागदांवर सही घ्यायला कॉलेजात गेले. सरांनी सही करायला पेन काढलं तेव्हा मी म्हटलं, "सर, पुण्याला कळवायचं आहे. आपण पाठवलेला तक्ता चुकीचा होता."

सरांनी पेन खाली ठेवलं. "आता? स्पर्धा संपली. ते वाचून कोण बघणार आहे?"

"माहीत नाही, सर."

"बक्षीस परत मागतील. इंटर्नशिप जाईल. घरी काय सांगशील?"

"ते अजून ठरवलं नाही."

"माझं नाव गाईड म्हणून आहे त्यावर," ते म्हणाले, आणि मग पेन पुन्हा उचलत, "पाठव. मलाही कॉपी टाक."

लॅबमध्ये बसून मी मेल लिहिला. सहा-सात ओळींचा होता, तरी दीड तास लागला. लिहिलं की पहिल्या तक्त्यात प्रत्येक वेळी एकच यंत्रणा आधी चालवली होती आणि दुसरीला तापलेला फोन मिळाला. ही चूक मला प्रोजेक्ट पाठवण्याआधी माहीत होती. ती माझ्या नव्हे, आमच्या लॅबच्या मामांच्या लक्षात आली होती. त्यांचं पूर्ण नाव लिहायला गेले तर आडनाव आठवेना. ऑफिसात जाऊन विचारून आले. खाली दुसरा तक्ता जोडला आणि पाठवला.

पाठवल्यावर कुणाला तरी सांगावं असं वाटलं. मी दाराकडे पाहिलं. दारात पंचविशीतला एक माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याला मी आधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, पाच वाजले," तो म्हणाला. "लॅब बंद करायची आहे."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि उठले.