मेलवरून गेलेला होकार

माझ्या पुतणीच्या लग्नाचा होकार मी चुकून मुलाकडच्यांना मेलवर पाठवून दिला. पुतणीनं होकार दिलेला नव्हता. तिच्या बापानंही दिलेला नव्हता. मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

आता हे कसं घडलं ते सांगतो, म्हणजे थोडा दोष दुसऱ्या कुणावर तरी टाकता येईल.

मी पारनेरजवळच्या एका हायस्कुलात क्लार्क होतो, तिथूनच निवृत्त झालो. शाळेचा प्रत्येक मेल माझ्या हातून जायचा, त्यामुळे भावकीत मेल म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. बाकीचे व्हॉट्सअॅपवर फुलं पाठवतात. मी ‘सप्रेम नमस्कार’ लिहून, एक ओळ सोडून, मग विषयाला हात घालतो. हा माझा तोरा.

मुलाचे मामा सोनईचे. तेही सरकारी खात्यातून निवृत्त आणि तेही मेलवाले. पहिल्याच फोनवर म्हणाले, “सोयरिकीच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर नकोत. इकडचं तिकडं व्हायला वेळ लागत नाही. आपण दोघं मेलवर बोलू.” माणूस मला तिथंच आवडला. आमच्या घरात होकार-नकार मुलीच्या बापानं थेट कळवायचा नाही, चुलत्यानं कळवायचा, अशी रीत. म्हणजे नात्यानंही मीच आणि मेलनंही मीच. माझी छाती जरा फुगलीच होती.

बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा कमी बोलणारा, सोनईत त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान. आमची पुतणी शेतीची पदवीधर. घरच्या रानात हिरव्या जाळीचं शेडनेट उभारून टोमॅटो-मिरचीची रोपं तयार करते, आणि आसपासची गावं ती टेम्पोनं घेऊन जातात. पाहुणे गेल्यावर ती मला पडवीत गाठून म्हणाली, “तात्या, मुलगा वाईट नाही वाटला. पण लग्नानंतर मला तिकडं नर्सरी करता येईल का, हे त्याच्याच तोंडून ऐकायचंय. आज सगळ्यांच्या देखत विचारता आलं नाही. तोवर होकार कळवू नका आणि नकारही नको.”

“तू बिनघोर राहा,” मी म्हणालो. “माझ्या हातून शब्दसुद्धा जायचा नाही.”

त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवरचा मेल बदलला.

सकाळी उघडला तर पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याचाच मोबाईल उचलला. डावीकडची यादी गायब. जिथं अक्षरं होती तिथं चित्रं. एक खोका, त्यात बाण, एक घड्याळ, एक झाडूसारखं काहीतरी. आधी ‘डिलीट’ असं सरळ लिहिलेलं असायचं, ते दाबलं की मेल जायचा. माणसाला आपण काय केलं ते कळायचं. आता खोका दाबला, मेल कुठंतरी गेला, पण मेला की जिवंत आहे ते कळेना. वर एक पाटी आली, ‘नवं रूप आवडलं का?’ खाली हसरा चेहरा आणि रडका चेहरा. मी रडका दाबला. ‘आभारी आहोत,’ असं म्हणून पाटी निघून गेली आणि रूप होतं तसंच राहिलं. जुनं रूप परत मिळावं म्हणून सगळ्या सेटिंगा धुंडाळल्या. त्यात अक्षरं मोठी झाली, आणि नंतर तीही लहान करता येईनात.

मागं थोरल्या भावानं, म्हणजे पुतणीच्या बापानं, जुना गोठा पाडून पलीकडं नवा बांधला होता. संध्याकाळी गाय रानातून आली की सरळ जुन्या खुंट्याच्या जागी जाऊन उभी राहायची. तिथं खुंटा नाही, गव्हाण नाही, नुसती मोकळी जमीन. तरी ही मान खाली घालून उभी. तेव्हा मला तिचं हसू आलं होतं. आता माझं बोट तसंच करायला लागलं. डोळ्यांना नवं दिसत होतं, बोट आपलं जुन्या जागी.

अशात मामांचा मेल आला. मुलाचे दुकानातले फोटो जोडले होते आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आपणांकडून होकार आहे असे समजावे काय?’ मी ठरवलं, उत्तर सावकाश देऊ, आधी फोटो बघू. आमच्या जुन्या मेलात जोडलेले फोटो मजकुराच्या खाली असायचे. नव्यात ते वर गेले होते, आणि खाली, बरोबर फोटोंच्या जागी, तयार उत्तरांच्या तीन गोळ्या आल्या होत्या: ‘होय, नक्की.’, ‘विचार करून कळवतो.’, ‘धन्यवाद!’ माझं बोट फोटो उघडायला गेलं ते पहिल्या गोळीवर पडलं.

मधली गोळी पाहा. तेवढंच तर मला कळवायचं होतं.

काही उघडलं नाही. खाली एक काळी पट्टी आली, तिच्यावर बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं जाहिरात. जाहिरातीला हात लावायचा नाही हे मी पक्कं शिकलेलो आहे, म्हणून हात मागं घेऊन ती जायची वाट पाहिली. ती गेली. नंतर कळलं की पाठवलेला मेल परत ओढून घ्यायची सोय त्याच पट्टीवर होती.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. आवाजात साखर. “होकार मिळाला, फार बरं वाटलं. रविवारी सुपारी फोडायला येतो. घरचीच माणसं, दोन गाड्या.”

“कुठला होकार?” असं विचारायला हवं होतं. मी म्हणालो, “या, या.” सवयीनं.

मग ‘पाठवलेले’ शोधत बसलो. ते तीन आडव्या रेघांच्या मागं लपवून ठेवलं होतं. उघडलं, तर सगळ्यात वर माझं उत्तर. सप्रेम नमस्कार नाही, खाली नाव नाही. नुसतं ‘होय, नक्की.’ आमच्याकडं होकार देऊन मागं घेतला तर बोल मुलीलाच लागतो. पुढच्या स्थळाला कुणीतरी हळूच सांगतंच, “त्यांच्याकडं आधी एक मोडलंय बरं का.”

भाऊ ओट्यावर बसला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू मला सांगू नको. तिला सांग.”

पुतणी शेडनेटमध्ये रोपांचे ट्रे कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या भुशानं, भरत होती. ऐकून घेतलं, हात झटकले आणि म्हणाली, “फोन लावा. स्पीकरवर ठेवा.”

मी मामांना मेल, नवं रूप, गोळ्या, काळी पट्टी असं सगळं सांगितलं. मग मामा तुटक आवाजात म्हणाले, “म्हणजे होकार देऊन मागं घेताय?”

मी परत गोळ्यांकडं वळणार तेवढ्यात पुतणीनं मोबाईल काढून घेतला. “मामा, नमस्कार. मी बोलते. मागं घेत नाही, कारण मी दिलेलाच नाही. आणि नकारही देत नाही. मला तुमच्या भाच्याशी एका गोष्टीवर बोलायचंय. रविवारी या, जेवायलाच या. फक्त सुपारीचं नंतर बघू.”

“काय बोलायचंय?”

“ते त्यांनाच सांगते.”

मामांनी विषय सोडला. मग म्हणाले, “तरीच. मी आमच्या हिला म्हटलंच होतं, हा माणूस नमस्काराशिवाय लिहायचा नाही.”

रविवारी दोनाऐवजी एकच गाडी आली. जेवणं झाल्यावर ती दोघं शेडनेटकडं गेली. आम्ही ओट्यावर बसून पाऊसपाण्याचं बोलत होतो, पण कान सगळ्यांचे तिकडंच. बऱ्याच वेळानं आली. मुलाच्या शर्टाला कोकोपीट लागलं होतं आणि हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे होता. भाऊ माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, “बोलला वाटतं.”

पुतणी सगळ्यांसमोर म्हणाली, “दुकानामागं त्यांची मोकळी जागा आहे, विहीर जवळ आहे. नर्सरी तिथं होईल, माझ्या नावानं होईल, असं ते म्हणतात. मला चालेल. माझा होकार आहे.”

मुलगा ट्रे खाली न ठेवताच म्हणाला, “माझाबी.”

मामांनी खिशात हात घातला आणि सुपारी काढली. “गाडीतच ठेवणार होतो,” ते म्हणाले, “पण असू द्यावी म्हटलं.”

सगळे हसले. चहा आला. वातावरण निवळलंय असं पाहून मी माझी बाजू मांडायला घेतली. म्हटलं, यात माझा काय दोष? चांगली लागलेली सवय ती. ज्यांनी जागा बदलल्या त्यांना विचारा. गोठा बदलल्यावर आपली गायसुद्धा जुन्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहत होतीच की नाही?

भावानं कप खाली ठेवला.

“गाईचं नाव काढू नको,” तो म्हणाला. “ती चार दिसांत शिकली.”