फळीखालचे नारळ

दोन खोल्यांमधल्या पत्र्याला कान लावायची गरजच नव्हती, इतकं मोठं भांडण चाललं होतं.

"काम काय आहे ते विचारलंस तरी?" पलीकडे काशीराम ओरडत होता.

"विचारलं असतं तर नको म्हणाले असते!" द्रौपदीचा आवाज आला. मग नुसता स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, तोही रागारागाने.

अलीकडे कुंदा तांदूळ पाखडत बसली होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. असल्फ्याच्या डोंगरावरची चाळ ती. गिरणी बंद पडून काशीराम घरी बसलेला, आणि द्रौपदीला एका प्रसूतिगृहात नोकरी लागली म्हणून ती उड्या मारतच घरी आलेली. बाळं न्हाऊ घालायची, असा तिचा समज. हातात आलं ते फिनेलचं फडकं. वर्षभर लाद्या पुसून ती परत आली. बाळाचा एक पापा घेतला नाही. पण काशीरामचं म्हणणं तेव्हा कोणालाच पटलं नव्हतं, कुंदाला तर नाहीच. साहेबाला उलट प्रश्न केला म्हणजे नोकरी नाकारली, अशी अख्ख्या डोंगराची समजूत होती.

मग द्रौपदीने आपल्या आईचं, घरोघरी जाऊन बाळं न्हाऊ घालायचं काम धरलं. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर पालथं घालायचं, तेल जिरवायचं, कोपराने पाणी बघायचं. सव्वा महिना बाळ तिच्या पायावर, मग दुसऱ्या घरी. त्यात तिची एक रीत होती. घरात बाळ येणार असलं की माणसं आधीच तिच्याकडे नारळ आणून देत. तो नारळ द्रौपदी फळीखाली मांडून ठेवी, आणि त्या घरचं शेवटचं न्हाणं झालं की त्यांच्याच उंबऱ्यावर फोडी. नारळ घेतला की घेतला, ते घर सोडायचं नाही. मग भले बंगल्यातून गाडी येऊ दे.

तसं मोठं बोलावणं आलंच, पण उशिरा. काशीराम गेला होता, द्रौपदीचे केस पिकले होते, आणि डोंगराच्या पायऱ्या चढताना तिचा गुडघा चाळीला ऐकू जाईल असा कुरकुरत होता. पंतनगरात दीप्ती नावाच्या मुलीचं बाळ ती न्हाऊ घालत होती. दीप्तीची मैत्रीण गंधाली एका सकाळी ते बघत बसली. अंधेरीला तिचं बाळ-बाळंतिणींचं केंद्र होतं. "मावशी, आमच्याकडे नोकरीला या," ती म्हणाली. महिन्याचा पगार, रजा, आजारपणाचा विमा.

द्रौपदीने सोबतीला कुंदाला घेतलं. कुंदा तिच्याहून वयाने बरीच मोठी, शाळा दुसरीपर्यंत, पण अंधेरीला जायचं म्हणून तिने ठेवणीतली साडी नेसली. मेट्रोत बसून घरांची छपरं वरून बघताना तिला वाटलं, देवाला आपण असेच दिसत असू, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. केंद्र तर सगळं काचेचं. आत इतकं गार की कुंदाने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

कागदपत्रं बघणारा हर्षद एकेक अट सांगू लागला. "धुरी द्यायची नाही."

"डॉक्टर नको म्हणाले तेव्हाच सोडली."

"बांगड्या काढाव्या लागतील. आणि मालिश टेबलावर, उभ्याने."

"शिकीन. गुडघा तुम्हाला दुवा देईल."

गंधाली हसली. कुंदाला वाटलं, झालं काम.

"एक तारखेपासून यायचं. बाहेरची कामं बंद. इथे सही करा."

द्रौपदीने पेन उचललं. मग खाली ठेवलं. "दादा, घरी तीन नारळ आहेत."

"अहो नाही नाही, नारळबिरळ आणायची काही गरज नाही," हर्षद घाईघाईने म्हणाला.

द्रौपदीने त्याला नारळांची रीत समजावून सांगितली. तीन घरी बाळं यायची होती. एक रिक्षावाल्याचं, एक भाजीवालीच्या लेकीचं, एक शाळेच्या शिपायाचं.

"त्यांना दुसरी बाई मिळेल की."

"मिळेल ना. पण नारळ माझ्या घरी आहे."

गंधाली पुढे झुकली. "मावशी, मला माणूस एक तारखेला हवाय. माझ्याकडे दुसरी नावंही आहेत."

कुंदा मधेच पडली. "अहो बाई, तिला कळत नाही हो! करते ती सही, करते."

"काकी, तुम्ही चहा प्या," द्रौपदी म्हणाली, आणि गंधालीकडे वळली. "सकाळ माझी मला सोडा. दुपारपासून मी इथे. सकाळचा पगार कापा. तिन्ही बाळांचं झालं की अख्खा दिवस तुमचा, नवा नारळ घेणार नाही. आणि अजून एक. कागदावर लिहा, काम बाळ न्हाऊ घालण्याचं. लादी पुसायला लाज नाही मला, वर्षभर पुसलीय. पण त्या कामाला बोलवायचं तर तसं सांगून बोलवा."

गंधाली आणि हर्षद उठून बाहेर गेले. काचेपलीकडे त्यांचे हात हलताना दिसत होते.

"द्रौपदे, घालवलीस गो!" कुंदा कुजबुजली. "एवढी चांगली नोकरी!"

"गेली तर गेली, काकी. निदान विचारून तरी गेली."

असं ठणकावून म्हणाली खरी, पण कुंदाने पाहिलं, पदराखाली तिची बोटं एकमेकांत गच्च अडकली होती. म्हणजे भीती होतीच. भीतीसकट ती बोलली होती. कुंदाला ती काच, तो गारवा, ती छपरांवरून जाणारी मेट्रो, सगळं एकदम साधं वाटू लागलं. इतकी वर्षं पत्र्यापलीकडे ही बाई राहिली, आणि आपण तिला नीट बघितलंच नाही.

गंधाली परत आली. "दुपारचं चालेल. पण उशीर झालेला चालणार नाही. आणि विमा पूर्ण दिवस यायला लागल्यावरच."

द्रौपदीने विमा म्हणजे नेमकं काय ते विचारून घेतलं. "बरं," म्हणाली. "लादीचं?"

"लिहिते, मावशी."

हर्षदकडून तिने कागद दोनदा वाचून घेतला. मग एकेक अक्षर जोडत सही केली. परतताना मेट्रोत कुंदा खिडकी सोडून तिच्याकडेच बघत होती.

"काय बघताय?"

"काशीराम असायला हवा होता."

"असता तर म्हणाला असता, तीस वर्षं लागली हिला," द्रौपदी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की समोरच्या मुलीने कानातलं गाण्याचं यंत्र काढलं.

पावसाळा सरला तेव्हा फळीखाली एकच नारळ उरला होता, रिक्षावाल्याच्या घरचा. त्याच्या बाळाच्या शेवटच्या न्हाण्याला कुंदा मुद्दाम गेली. काही खास होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. द्रौपदी पाटावर बसली, गुडघा कुरकुरला, तिने कोपराने पाणी बघितलं. बाळ आधी रडलं, मग गप्प झालं. शेवटचा तांब्या तिने बाळावरून ओवाळून ओतला, टाळू पुसली, तीट लावली. उंबऱ्यावर नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं, कुंदाच्याही. पाट धुऊन भिंतीला उभा केला.

मग घड्याळ बघितलं, पदर खोचला, आणि अंधेरीला उशीर नको म्हणून चहा न घेताच निघाली.