हाताला गार लागलेला दगड

लातूरच्या बसस्थानकावर सकाळची नांदेड गाडी पकडताना माझे चार विद्यार्थी भेटले. "सर, कुठं?" असं प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला मी नांदेडला लग्नाला चाललोय असं सांगितलं. रविवार होता, कुणाला शंका आली नाही. खरं म्हणजे मी एका मुलीची माफी मागायला निघालो होतो. माफी मागायला निघालेला माणूस स्थानकावरच चारदा खोटं बोलतो, यावरून माझी तयारी किती होती ते ओळखा.

मी लातुरात क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या गल्लीत प्रत्येक गॅलरीला गुणवंतांचे फलक आणि प्रत्येक जिन्याखाली मेसच्या डब्यांची रांग. पोरं नांदेड, हिंगोली, परभणीहून येतात. वर्ग एवढा मोठा की माईक लावून शिकवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी उष्णतेचा धडा शिकवताना मी उल्केचं उदाहरण दिलं. मंगळ आणि गुरूच्या मधे लघुग्रह फिरतात, त्यांचे तुकडे भरकटत पृथ्वीकडे येतात, हवेत पेटतात, आणि एखादा उरलाच तर लालबुंद होऊन जमिनीवर पडतो. माझ्या नोट्समध्येही असंच छापलेलं होतं.

तेव्हा हदगावकडची रेणुका नावाची मुलगी उभी राहिली. आमच्या शेतात असा दगड पडला, बाबांनी लगेच हातात घेतला तर तो गार होता, असं म्हणाली आणि बाकाखालची पिशवी उचलायला वाकली. मी तिला ती पिशवी वर काढूच दिली नाही. माईकवरून म्हणालो, "मग तो आकाशातून नाही, फ्रीजमधून पडला असेल." चारशे पोरं हसली. पुढचा आठवडाभर तिला 'फ्रीज' म्हणून हाक मारलेली मी स्वतः ऐकली आणि ऐकून पुढे गेलो. दिवाळीला ती गावी गेली ती परत आलीच नाही. असं एखादं पोर दर वर्षी गळतं, असं मी मनाला सांगितलं.

गेल्या महिन्यात नोट्सची नवी आवृत्ती काढताना ती ओळ समोर आली. सहज गणित मांडून पाहिलं. दगड कोट्यवधी वर्षं अवकाशात गारठलेला असतो. हवेत तापतो तो काही सेकंद, तोही नुसता वरचा पापुद्रा, आणि वितळलेला पापुद्रा वाराच उडवून नेतो. मग वेग मोडतो आणि शेवटची काही मिनिटं तो थंड हवेतून नुसता पडत राहतो. आत उष्णता शिरायला वेळच नसतो. म्हणजे हाताला तो गार, फार तर कोमट लागणार. फळ्यावर पाच मिनिटांत सुटणारं गणित होतं आणि मी एवढी वर्षं ते सोडवलं नव्हतं.

अहमदपूर गेलं, लोह्याला गाडी थांबली. तिथं सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी घातलेला नाश्ता) घेतली, पण दोन घासांनंतर बशी बाजूला ठेवली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला बरं नाही असं समजून खिडकीची जागा दिली. गोदावरी ओलांडून नांदेडात शिरलो, तिथून हदगावची गाडी धरली. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसू लागला. वेचणी चालू होती. इतका चांगला देखावा मी इतक्या वाईट मनानं कधी पाहिला नव्हता.

वाटेत मला माझे स्वतःचे सर आठवत होते. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. आमचं औशाकडचं घर पडलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. पुढच्या वर्षी एका धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, आणि तिथं पृथ्वीपेक्षा मोठे काळे डाग पडल्याची बातमी पेपरात आली. मी ते कात्रण घेऊन सरांकडे गेलो आणि गुरूवरची घरं पडली का असं विचारलं. सर हसले नाहीत. "मला नीट माहीत नाही, आपण दोघं वाचू," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी भौतिकशास्त्र घेतलं. आणि माझ्यासमोर एक मुलगी दगड घेऊन आली, तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

हदगावहून काळीपिवळी जीपनं हिमायतनगरच्या रस्त्याला लागलो आणि घाईत एक फाटा आधीच उतरलो. अर्धा तास कापसातून चालत गेलो, पायजमाभर कुसळं लागली. वाटेत कापूस वेचणाऱ्या एका बाईला रेणुकाचं घर विचारलं.

"दगडवाल्याचं?" ती म्हणाली. "त्ये काय, टाकीपाशी. तुमी लातूरचे सर हाव का? लई नाव घेतेत तुमचं."

माझं नाव चांगल्या अर्थानं घेतात, हे मला त्या क्षणी समजलं नाही. ते घरी गेल्यावर समजलं. अंगणात रेणुका तूर निवडत बसली होती. मला पाहून ती उठली, पाया पडली आणि आत जाऊन वडलांना घेऊन आली. तिच्या वडलांनी मला बाजेवर सतरंजी टाकून बसवलं, आईनं पाय धुवायला पाणी दिलं. मग ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या मसाल्याची झणझणीत आमटी) आणि ठेचा आला. जेवताना वडील त्या दिवसाची हकिगत सांगत होते.

या भागात अधूनमधून जमीन गुरगुरते, त्यामुळे मोठा आवाज झाला की घरात कुणी थांबत नाही. त्या दुपारीही धडाड आवाज आला आणि अख्खं गाव मोकळ्यात पळालं. वरून दगड येत असताना उघड्या आभाळाखाली येऊन उभं राहणारं गाव जगात बहुतेक हे एकच असेल. वडील हातात भाकरीचा तुकडा घेऊनच बाहेर आले होते. शिट्टीसारखा आवाज झाला आणि बांधापाशी धप्पकन काहीतरी पडलं. भूकंपाला भिऊन पळालेला हा माणूस सरळ तिकडे गेला आणि त्यानं तो उचलला.

"लोक म्हनले, हात लावू नको, भाजशीन. पन गार होता, सर. रांजनातल्या पान्यावानी."

कोनाड्यातून त्यांनी तो काढून दिला. दोन मुठींएवढा, वरून काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आतून राखाडी आणि त्यात धातूचे बारीक ठिपके. मी खिशातलं लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. शंकेला जागाच नव्हती. मी दगड पुन्हा पुन्हा उलटून पाहत राहिलो. वडलांना तो आनंद वाटला असावा.

"तवा बी तुमी असंच हाती घेतला आसन की," ते म्हणाले. "मीच धाडला होता पोरीसंगं, म्हनलं सरांला दाखव. ती म्हनली, सर लई खूश झाले, समद्या वर्गाला दाखवला. मंग तिला तिथलं पानी मानवलं न्हाई, त्ये आमचं नशीब."

मी रेणुकाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. दोन वर्षं या मुलीनं तिच्या घरात माझी अब्रू राखली होती. मी तोंड उघडलं, तेव्हा तिनं मान अगदी थोडी हलवली, नको. तिच्या वडलांचा तो एक अभिमान होता आणि तो मोडायचा हक्क मला नव्हता.

"हो," मी म्हणालो, "फार खूश झालो होतो."

आयुष्यात याहून लाजिरवाणं वाक्य मी बोललो नाही. त्यावर वडलांनी शेजारच्यांना बोलावलं, मला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी टोपी घालून बसलो होतो. जमीन दुभंगावी असं भूकंपाच्या मुलखातल्या माणसानं म्हणू नये, पण मला तसं वाटलं.

रेणुका मला फाट्यापर्यंत सोडायला आली. ती आता हिमायतनगरला कॉलेजात बी.एस्सी. करते आहे. मी थांबलो आणि सरळ म्हणालो की तुझं बरोबर होतं, मी चुकलो, मला माफ कर. लातूरला परत ये, एक पैसा घेणार नाही, असंही म्हणालो.

"तिथं न्हाई यायचं मला," ती म्हणाली. "अन् माफी हितं मागून काय उपेग, सर? हितं मला कोनी हसलंच न्हाई. जिथं बोललात तिथं सांगा. माईकवर."

मी तिला शब्द दिला. जीप आली तेव्हा तिनं पुन्हा वाकून नमस्कार केला. परतीच्या सगळ्या वाटेवर मी उद्याची वाक्यं जुळवत होतो. चारशे पोरांसमोर सांगायचं म्हणून ती पुन्हा पुन्हा बदलत होतो, आणि खोटं कशाला बोलू, सांगितलं की सुटलो, असंही वाटत होतं.

सोमवारी सकाळी माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. नोट्समधली ओळ चुकीची आहे. दगड गार असतो. हदगावकडच्या रेणुकानं ते मला याच वर्गात सांगितलं होतं आणि मी तिची चेष्टा केली होती. ती बरोबर होती. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, रेणुका कोण?"

मी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यातला एकही त्या दिवशी वर्गात नव्हता. जे हसले होते ते सगळे केव्हाच पास होऊन निघून गेले होते.